‘भरून टाक’ म्हणणाऱ्या अब्बांशी माझं भांडण

२०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. अब्बांच्या मोबाइलवर मेसेज आला : तुमच्या वाहनावर ई-चलान, विनाहेल्मेट, दंड पाचशे रुपये. वार मंगळवार, वेळ सकाळी साडेअकराची, ठिकाण आमच्या गावापासून दोनशे किलोमीटरवरच्या एका शहरातला चौक. त्या मंगळवारी अब्बांची स्कूटर कुठे होती हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. दुकानासमोर, पिंपळाखाली, सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. ती स्कूटर तालुक्याच्या गावापर्यंत नेली तरी धापा टाकते.

मी म्हटलं, "अब्बा, हे आपलं नाही. तक्रार करू या."

अब्बांनी शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. "भरून टाक बेटा. पाचशे रुपयांसाठी खाकीच्या दारात जायचं नाही. नाव वाचतील आणि आणखी चार प्रश्न विचारतील."

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे वाक्य ऐकू आलं असेल. शब्द वेगळे असतील, सूर तोच. मी अब्बांना भित्रे म्हणणार नाही. त्यांच्या पिढीने पोलीस ठाणं ज्या-ज्या प्रसंगी आतून पाहिलं, ते प्रसंग चांगले नव्हते. शिवाय त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. एक दिवस दुकान बंद ठेवलं तर पाचशेहून जास्त बुडतात. रिक्षावाल्याचं, डिलिव्हरी करणाऱ्या पोराचंही तेच. अन्याय झाला हे माहीत असूनही माणूस दंड भरतो, कारण दाद मागणं दंडापेक्षा महाग पडतं.

तरीही मी भांडले. तेव्हा मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि दुसऱ्या वर्षाला माणसाला सगळंच येतं असं वाटतं, हेही एक कारण होतं.

आधी फोटो पाहिला. ही साधी गोष्ट बहुतेक लोक करतच नाहीत, मेसेज वाचतात आणि थेट पैसे भरायला जातात. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान आणि त्यासोबतचा फोटो दिसतो. (संकेतस्थळाचा पत्ता .gov.in ने संपतो का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलान’ नावाची फाइल आली आणि ती उघडली की खातं रिकामं, हा धंदा सध्या जोरात आहे.) फोटोत मोटरसायकल होती. स्कूटर नव्हे, मोटरसायकल! मागच्या सीटवर लाल पिशवी, नंबर प्लेटवर चिखल, शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नव्हतं. ज्याने कोणी तो आकडा वाचला, त्याने बहुधा वरची गाडी पाहिलीच नव्हती.

ॲपवरून तक्रार केली. काही दिवसांनी ती बंद झाल्याचं दिसलं. कारण काही नाही. मग कागदावर अर्ज लिहिला. एका बाजूला त्यांचा फोटो, दुसऱ्या बाजूला आमच्या स्कूटरचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, आरसीची झेरॉक्स, आणि खाली तीन ओळी : फोटोतील वाहन मोटरसायकल आहे, आमच्या आरसीप्रमाणे हा क्रमांक स्कूटरचा आहे, सबब चलान रद्द करावे. अर्ज त्या शहराच्या वाहतूक शाखेला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, पाठवला. तीन महिन्यांनी पाहिलं तर थकीत चलानांच्या यादीत काही नव्हतं. पत्र नाही, खुलासा नाही, माफी तर सोडाच. झेरॉक्स आणि पोस्ट मिळून दीडशेच्या आसपास खर्च झाला असेल.

अब्बा म्हणाले, "साडेतीनशे वाचले. तीन महिन्यांत." हा टोमणा मला आजही झोंबतो.

पण त्या पाचशे रुपयांत नेमकं काय विकत मिळालं असतं ते बघा. दंडाची रक्कम भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. तडजोड झाली की प्रकरण बंद, आणि ‘ती गाडी माझी नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही. हेल्मेटच्या कलमात, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या १९४-डी मध्ये, दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. हे अनेकांना ठाऊकच नसतं. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भरलेलं चलान ही एक नोंद असते : अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक चौकात ही गाडी होती, आणि मालकाने ते मान्य केलं. फोटोतला नंबर चुकून वाचला गेला असेल तर ठीक. पण कोणी मुद्दाम आपल्या नंबरची प्लेट लावून फिरत असेल तर? उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं, किंवा ती गाडी नको त्या ठिकाणी नको त्या दिवशी दिसली, तर चौकशी आपल्या दाराशी येईल. तेव्हा ‘ही बनावट प्लेट आहे’ असं आपण सांगणार, आणि समोर आपणच निमूटपणे भरलेल्या तीन पावत्या असणार. एखाद्या ठिकाणी आपण हजर होतो अशी खोटी नोंद काय किमतीला पडू शकते, हे या मासिकाच्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही. अब्बांना हा मुद्दा सांगितला तेव्हा मशीन थांबलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : जे चलान आपलं नाही, ते पाचशेचं असो की दोनशेचं, भरू नये. आणि बनावट प्लेटचा संशय असेल तर चलानच्या तक्रारीवर न थांबता जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.

आता जे आपलं आहे त्याबद्दल. आमचं दुकान मशिदीच्या रस्त्यावर आहे. जुम्याच्या दिवशी दीड वाजता समोरून काय जातं ते मी अनेक वर्षं पाहते आहे. एका गाडीवर तिघं, तिघांच्या डोक्यावर टोपी, हेल्मेट एकाच्याही नाही, आणि चालवणारा सोळा वर्षांचा. ईदच्या आदल्या रात्रीचं तर बोलायलाच नको. हेल्मेटमधून कायद्याने सूट आहे ती पगडी बांधलेल्या शीख व्यक्तींना, कलम १२९ मध्ये तसं लिहिलेलं आहे. टोपीला सूट नाही, बुरख्यालाही नाही. मागे बसणाऱ्या बहिणींनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. या पोरांना चलान झालं की मोहल्ल्यात चर्चा सुरू होते, ‘बघा, आपल्यालाच पकडतात.’ माझ्याकडे कोणी असं चलान घेऊन आलं तर मी सांगते, भर. मी स्वतः गेल्या वर्षी पिवळा दिवा असताना गाडी दामटली, लाल झाला तेव्हा थांबारेषेच्या पुढे होते. फोटोत स्पष्ट दिसत होतं. भरले पैसे. चडफडत भरले, पण भरले.

‘आपल्यालाच पकडतात’ यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते सुटे केल्याशिवाय लढता येत नाही. पहिला प्रश्न, मी नियम मोडला का? दुसरा, मला निवडून पकडलं का? चलानच्या प्रकरणात फक्त पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. ‘माझ्या पुढचे चौघंही तसेच गेले’ हा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर बचाव होत नाही, कितीही खरं असलं तरी. तिथे ते बोलून आपण आपलाच वेळ घालवतो, आणि वर ‘हे लोक नेहमी असंच रडतात’ हा शेरा घेऊन येतो.

मग दुसरा प्रश्न सोडून द्यायचा का? मुळीच नाही. पण त्याला रागाने भागत नाही, आकडे लागतात. शुक्रवारची नाकाबंदी मशिदीच्याच तोंडाशी लागते अशी तक्रार असेल तर दोन महिने वहीत लिहून ठेवा : तारीख, वेळ, जागा, साधारण किती गाड्या थांबवल्या. मग माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. महाराष्ट्रात नियम असा आहे की अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यामुळे प्रस्तावना, इतिहास, संविधानाची कलमं यांना त्यात जागा नाही. विचारा एवढंच : गेल्या सहा महिन्यांत या हद्दीत कोणत्या ठिकाणी किती ई-चलानं केली, महिनावार. प्रत्येक ई-चलानवर ठिकाण आणि वेळ नोंदलेली असते, तेव्हा ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर टिकायला नको. ते आकडे घेऊन वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे जा. गंभीर गैरवर्तन असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. आणि हेही मनाशी ठरवून जा की आकडे उलटे निघू शकतात. कदाचित सगळ्यात जास्त चलानं बाजारपेठेतल्या चौकात झालेली असतील आणि आपली मशीद पाचव्या क्रमांकावर असेल. तसं निघालं तर तेही मोहल्ल्यात वाचून दाखवायचं. लपवायचं नाही.

कॅमेऱ्याने केलेल्या चलानाबाबत थोडं तपशिलात सांगते, कारण इथे आपल्या हातात बरंच काही असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम घातला. कॅमेरा असो वा स्पीडगन, त्या यंत्राला राज्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं, असं तो सांगतो. पुढे कॅमेऱ्याची नजर आहे असा फलक रस्त्यावर आधी दिसायला हवा. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची. नोटिशीसोबत गाडीचा नंबर आणि उल्लंघन दाखवणारा फोटो, यंत्राने केलेलं मोजमाप, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेलं कलम हवं. आणि ते चित्रीकरण प्रकरण निकाली निघेपर्यंत जपून ठेवायचं. तुमच्याकडे आलेला मेसेज आणि फोटो या यादीशेजारी ठेवून बघा. साठच्या रस्त्यावर बहात्तरने गेलात म्हणून चलान आलं असेल, तर त्या रस्त्यावर साठचा फलक आहे का, तो झाडाच्या फांदीमागे तर गेलेला नाही ना, हे त्याच दिवशी जाऊन फोटोत पकडा. दोन महिन्यांनी फांदी तोडलेली असते.

बरीच चलानं अशा यंत्रांतून येतही नाहीत. चौकात उभा असलेला हवालदार स्वतःच्या खिशातला मोबाइल काढतो, पाठमोऱ्या गाडीचा फोटो घेतो आणि निवांत बसल्यावर अपलोड करतो. याविरुद्ध आवाज उठवणारे फक्त आपण नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या जाचाविरुद्ध संप केला होता, त्यांच्या गाऱ्हाण्यांत हेही होतं. यात सगळ्या जातीधर्मांचे ट्रकवाले होते. या प्रश्नावर आपल्याला सोबत हवी असेल तर ती ट्रक टर्मिनलवर आणि रिक्षा स्टँडवर सहज मिळते, मोहल्ल्यात परिषद भरवायची गरज नाही.

लोकअदालतीबद्दल फार गैरसमज आहे. मोबाइलवर मेसेज येतो, ‘थकीत चलानासाठी अमुक तारखेला लोकअदालतीत हजर राहा’, आणि पोरं पुरावे घेऊन वाद घालायला जातात. लोकअदालत वाद ऐकून निवाडा करणारं कोर्ट नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटवामिटवी होते. चूक तुमची आहे आणि रक्कम डोईजड झाली आहे, तर तिथे जा, काही वेळा सवलत मिळते. पण चूक तुमची नसेल तर तिथे सवलतच मिळेल, निर्दोष असल्याचा निकाल मिळणार नाही. शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. मिटवायला नकार देण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे, आणि त्यासाठी कोणी रागावण्याचं कारण नाही.

खरा वाद कोर्टात. चलान भरलं नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं. व्हर्च्युअल कोर्टाकडे गेलं असेल तर संकेतस्थळावर दोन पर्याय दिसतात, दंड भरा किंवा दाद मागा. दाद मागितली की ते नेहमीच्या कोर्टात वर्ग होतं. मी एका सकाळी कोर्टात मागच्या बाकावर बसून अशी प्रकरणं पाहिली. नाव पुकारलं जातं, "गुन्हा कबूल?" असं विचारलं जातं, माणूस "हो साहेब" म्हणतो, दंड सांगितला जातो, पुढचा. अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा. "कबूल नाही" असं म्हणणारा त्या सकाळी एकच होता, आणि त्याने ते इतक्या हळू म्हटलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"कबूल नाही" म्हटल्यावर आभाळ कोसळत नाही. पुढची तारीख मिळते. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. त्यांना फोटो आणावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-बी खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. वकिलाची फी दंडाच्या दसपट असते हे खरं. पण प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. राज्यात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कोणालाही मिळतो. गाडी अम्मीच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा. मात्र समन्स आलं आणि फाडून टाकलं, असं करू नका. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं, आणि मग पाचशे रुपयांच्या चलानासाठी खाकी खरोखरच घरी येते.

माझा एक मित्र असा कोर्टात गेला आणि हरला. मागून ॲम्ब्युलन्स आली म्हणून थांबारेषा ओलांडून बाजूला झालो, असं त्याचं म्हणणं. मला ते खरं वाटतं. पण फोटोत ॲम्ब्युलन्स नव्हती. फोटो एका क्षणाचा, ॲम्ब्युलन्स त्याआधीच्या क्षणाची. त्याने त्या चौकातलं चित्रीकरण मागितलंच नाही. समोरच्या मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यातलं तोवर पुसलं गेलं होतं. दोन दिवसांची मजुरी गेली, दंड वेगळा. त्याला मीच जायला सांगितलं होतं, म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही. पण लपवलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. चलान आल्याच्या दिवशीच त्या चौकातल्या दुकानदाराकडे जायला हवं होतं, हे त्या प्रकरणातून मी शिकले.

रस्त्यावर अडवल्यावर काय करायचं, हे थोडक्यात. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, "सर, कोणत्या कलमाखाली?" हे सरळ आवाजात विचारा. कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर असतील तर ते चालतात, तशी तरतूद नियमांतच आहे. वाद तिथे जिंकायचा नसतो. चलान होऊ द्या, वेळ आणि जागा टिपून घ्या, चौकाचा फोटो काढा, निघा. आणि तोडपाणी करू नका. दोनशे देऊन सुटलो याची बढाई मारणारे आपल्यात कमी नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तेच ‘सिस्टिम आपल्या विरोधात आहे’ म्हणतात. लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

अब्बांचं मत बदललं का, असं मला काही जणांनी विचारलं. पूर्ण नाही. वाहतूक शाखेत ते आजही पाऊल ठेवणार नाहीत. पण गेल्या रमजानमध्ये शेजारचे चाचा दुकानात मोबाइल घेऊन आले, नो पार्किंगचं चलान दाखवलं आणि म्हणाले, "भरून टाकू ना?" अब्बांनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "फोटोत गाडी तुझीच आहे का, ते बघितलंस?"

गाडी चाचांचीच होती, फलकाच्या अगदी खाली लावलेली. चाचांनी पैसे भरले.

सध्या आम्ही कायदा शिकलेल्या तिघी-चौघी दर रविवारी असरनंतर मोहल्ल्याच्या वाचनालयात बसतो. गेल्या महिन्यात एका रिक्षावाल्या भाईंचं एकाच जागी, एकाच मिनिटाला दोनदा झालेलं चलान आलं, त्याचा अर्ज तिथेच लिहिला. तुमच्या गावातही अशी बैठक सुरू करता येईल, त्यासाठी वकील असण्याची गरज नाही. एक टेबल, पेन आणि जवळ झेरॉक्सचं दुकान पुरेसं आहे. आमच्याकडे येणार असाल तर आरसी, चलानचा मेसेज आणि फोटोची प्रिंट आणा. रंगीत आणा, काळ्यापांढऱ्या प्रिंटवर ३ आणि ८ मधला फरक दिसत नाही.